कामगारच होतो शिक्षक

कामगार शिक्षणाचे देशातले सरकारी मंडळ वऱ्हाडाच्या शेजारीच, नागपुरात आहे. १९५८ साली केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ म्हणून ते सुरू झाले. आज त्याला दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव आहे. भारतीय मजदूर संघाचे हे संस्थापक वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे.

मंडळाची मूळ रचना तीन पायऱ्यांची. शिक्षण अधिकारी कामगार-शिक्षक घडवतात. युनियनने पुढे केलेला हा कामगार शिकून आपल्या कारखान्यात परततो आणि सोबत्यांचे वर्ग घेतो. खरे बळ इथेच आहे. चांगल्या वर्गात हजेरीपत्रक, पगाराची पावती, पीएफची कपात समोर ठेवून गटागटाने चर्चा होते. एक जण व्यवस्थापक, दुसरा प्रतिनिधी होऊन वाटाघाटीचा सराव करतो. नुसत्या भाषणांनी हे अंगी येत नाही.

वऱ्हाडातल्या अकोला-अमरावतीत कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे काम हंगामी, बरेचसे कंत्राटी; अशा कामगारांना एकत्र आणणे सोपे नाही. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एकाहून अधिक युनियन असतील, तर वाटाघाटीचा एकट्याने हक्क मिळवायला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. कायदा आणि हिशेब जाणणारे प्रतिनिधी त्यासाठी हवेतच. इथल्या युनियननी दसऱ्याआधी, कापूस येण्यापूर्वी, आपल्याच गावात असे वर्ग मागून घ्यावेत.