गाडी उचलावी किती?

अमेरिकेतील युटा राज्याच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात ‘व्हाइट रिम’ नावाचा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. १९५० नंतरच्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी तो काढण्यात आला. वाटेत पिण्याचे पाणी नाही, पेट्रोलही नाही. काही ठिकाणी एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी! अशा वाटांनी पाणी, शिधा, इंधन व अंथरूण-पांघरूण गाडीतच घेऊन दिवसचे दिवस हिंडण्याला तिकडे ‘ओव्हरलँडिंग’ म्हणतात. त्यासाठी पुष्कळजण फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० यांसारखी, मागे उघडा हौदा असलेली दणकट पिकअप गाडी घेतात. आणि घेतली, की ती उंच करण्याची हौस त्यांना होते.

चाकांचे आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. त्यांच्या जागी अधिक उंच स्प्रिंगा बसवल्या, की सांगाडा पाच, दहा, कधी पंधरा सेंटिमीटरही वर जातो. यालाच ‘सस्पेन्शन लिफ्ट’ म्हणतात. पण उंची घ्यावी किती? याचे उत्तर शोधायला तुमचे भौतिकीचे पुस्तक पुरेसे आहे.

गाडी उंच केली, की खालचे दगड लागणार नाहीत, असे तुम्हाला वाटेल. पण या गाड्यांचे आस एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड असतात, आणि आसावरचा डिफरन्शियलचा फुगीर गोळा हाच सर्वांत खाली लोंबणारा भाग असतो. आस चाकाच्या मध्याशी जोडलेला! मग स्प्रिंगा कितीही उंच केल्या, तरी तो वर कसा जाणार? ८४ सेंटिमीटर व्यासाच्या टायरऐवजी ८९ सेंटिमीटरचा बसवला, तर त्रिज्या अडीच सेंटिमीटरने वाढते आणि गोळाही तेवढाच वर जातो. स्प्रिंगांनी उंच होतो तो सांगाडा. त्यामुळे मोठा टायर मडगार्डला घासत नाही, चाकाला वरखाली व्हायला जागा मिळते आणि चढ सुरू होताना गाडीचे नाक जमिनीला टेकत नाही. एवढ्यासाठी बहुधा थोडी उंची पुरते.

आता या उंचीची किंमत पाहू. गवताने शीगोशीग भरलेली बैलगाडी उतारावर एका अंगाला कलली, की गाडीवानाचा जीव खालीवर होतो, कारण तिचा गुरुत्वमध्य उंच गेलेला असतो. समजा, आपल्या पिकअपच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १७० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७५ सेंटिमीटर आहे. अर्ध्या अंतराला उंचीने भागा : ८५ ÷ ७५ = १.१३. ज्या कोनाची टॅन किंमत १.१३ आहे तो कोन सुमारे ४८½ अंशांचा. सांगाडा दहा सेंटिमीटर उचलला, तर चाके व आस खालीच राहत असल्याने गुरुत्वमध्य समजा आठ सेंटिमीटर वर गेला. आता ८५ ÷ ८३ = १.०२, म्हणजे कोन सुमारे ४५½ अंश. तीन अंश गेले! शिवाय कललेल्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात आणि वळणावर आडवे बलही लागते. म्हणून प्रत्यक्षात गाडी याहून पुष्कळ कमी कोनात उलटू शकते. टपावर तंबू आणि पाण्याचे डबे बांधले, तर धोका आणखी वाढतो.

पुढचा प्रश्न ओझ्याचा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोग्रॅम. त्यात इंधन, हत्यारे, जादा चाक व शिधा मिळवा. समजा, मागच्या दोन स्प्रिंगांवर मिळून ४०० किलोग्रॅम भार वाढला आणि प्रत्येक स्प्रिंग ४० किलोग्रॅमला एक सेंटिमीटर दबते. प्रत्येकीवर २००, म्हणजे मागची बाजू पाच सेंटिमीटर खाली! पैसे देऊन घेतलेली उंची ओझ्यानेच खाल्ली. वर दिव्यांचा झोत आकाशाकडे जातो आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते.

मग खूप ताठ स्प्रिंगा घालाव्यात का? रिकाम्या एस.टी.त मागच्या बाकावर बसलेल्यांना उत्तर ठाऊक आहे! भरलेल्या गाडीसाठी केलेली स्प्रिंग रिकामेपणी दबत नाही, हादरे देते, आणि उसळलेल्या चाकाची जमिनीवरील पकड सुटते. म्हणून आधी सामानासह गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढच्या व मागच्या आसांवरील भार वेगवेगळा मोजावा आणि नेहमी वाहायच्या भाराला साजेशी स्प्रिंग निवडावी. एक गोष्ट मात्र विसरू नका. स्प्रिंग बदलल्याने कारखान्याने ठरवलेली वजनाची मर्यादा वाढत नाही, कारण ब्रेक, आस आणि चाके तीच असतात.

तेव्हा क्रम असा : आधी ओझे, मग टायर, आणि शेवटी त्या टायरला लागेल तेवढीच उंची. फार उंची घेतली, तर सुकाणूच्या दांड्या तिरक्या होतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि तेही सारे बदलावे लागते.

करून पाहा : एका फळीवर बारीक पट्टी चिकटवा. तिला टेकवून भरलेली काडेपेटी आधी आडवी, मग उभी ठेवा आणि पट्टीची बाजू खाली राहील अशी फळी हळूहळू तिरपी करा. पेटी कोणत्या कोनात उलटते ते कोनमापकाने मोजा. नंतर पेटीची मापे घेऊन गणिताने येणाऱ्या कोनाशी ताडून पाहा. फरक पडला, तर तो का पडला असावा, याचा वर्गात विचार करा.