मटकी, सुगरण आणि लंडनचं पाणी

वर्गातलं विज्ञान : लेखांक ६

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सहावी ते आठवीची कुठलीही प्रयोगवही उघडा, मथळ्यांची ही रांग ठरलेली असते. वही तपासायला सोपी जाते, हा तिचा खरा फायदा. पण तीन वर्षं तेच पान भरत गेलेल्या मुलाच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसते: विज्ञान म्हणजे प्रयोग, आणि प्रयोग म्हणजे पुस्तकात आधीच छापलेलं उत्तर हाताने पुन्हा काढून दाखवणं.

मागच्या लेखांकात मुलांकडून प्रश्न कसे गोळा करायचे ते पाहिलं. ते फळ्यावर लिहून झाले की पहिली अडचण उभी राहते ती इथेच. ‘शाळेमागच्या बाभळीवर किती घरटी आहेत?’ याचं साहित्य काय लिहायचं? ‘घरातल्या मुंग्या आणि शेतातल्या मुंग्या एकच खाणं पळवतात का?’ यात कृती कोणती? मग बाई किंवा सर नाइलाजाने म्हणतात, हा प्रश्न प्रयोगाचा नाही. मुलगा ऐकतो ते एवढंच, की हा प्रश्न विज्ञानाचा नाही.

शाळेपुरते तपासाचे तीन प्रकार मानले तर ही कोंडी सुटते: वर्णनात्मक, तुलनात्मक आणि प्रायोगिक. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या अभ्यासक्रमात ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. तिथे २०१०-११ पासून लागू झालेल्या आराखड्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. परिकल्पना, म्हणजे पडताळून पाहता येईल असा आधी बांधलेला अंदाज, त्यांनी त्यात फक्त प्रायोगिक तपासासाठी मागितली होती. वर्णन आणि तुलना करणाऱ्या मुलाने नीट पाहावं, नेमका प्रश्न विचारावा आणि योग्य साधनं वापरावीत, एवढीच अपेक्षा होती. आपल्याकडे प्रकल्पवहीत परिकल्पनेचा रकाना सरसकट असतो आणि बाभळीवरची घरटी मोजायला निघालेलं पोर तिथे काहीतरी ठोकून देतं.

वर्णनापासून सुरुवात करू. याला वर्गात सगळ्यात कमी मान आहे. ‘नुसतं बघितलं’ म्हणून गुण कापले जातात. अशा वेळी मुलांना किहीमची गोष्ट सांगावी.

१९३० च्या पावसाळ्यात सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. हातात नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ती ते दिवसेंदिवस पाहत राहिले: कोण कधी येतं, कोण विणतं, काम कुठवर झाल्यावर थांबतं, मादी कधी उगवते. नोंदींतून निघालं ते असं. घरटं विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून थांबतो. मग माद्या येतात आणि घरटी आतून-बाहेरून तपासतात. एखादीने पसंत केलं की जोडी जमते आणि मगच नर पुढची नळी विणून काम पुरं करतो. मादी अंडी घालून उबवायला बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. म्हणजे एका हंगामात एका नराचे एकामागून एक असे अनेक संसार. हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सुगरणीच्या घरसंसाराबद्दलची जुनी समजूत बदलून गेली.

यात सलीम अलींनी पक्ष्यांचं काही बदललं नाही आणि दोन गट करून एकाला काही दिलं नाही. तरीही हे अव्वल दर्जाचं संशोधन आहे, कारण त्यातलं पाहणं शिस्तीचं होतं. वर्गात शिकवायची ती ही शिस्त.

ती शिकवायला मटकी पुरते. रात्री भिजवायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायची आणि प्रश्न ठेवायचा: मटकीला मोड यायला किती वेळ लागतो? मुलांना वाटतं, यात काय आहे! पण दुसऱ्या दिवशी भांडण सुरू होतं. एका गटाच्या मते मोड आले, दुसऱ्याच्या मते अजून नाहीत. साल फाटून पांढरं टोक दिसलं की मोड आला म्हणायचं, की तो दाण्याएवढा लांब झाल्यावर? वेळ मोजायचा तो भिजवल्यापासून की फडक्यात बांधल्यापासून? पन्नास दाण्यांपैकी पहिल्याला मोड आला ती वेळ धरायची, की निम्म्यांना आला ती? शिक्षकाने यावर उत्तर देऊ नये. वर्गाने ठरवावं, फळ्यावर लिहावं आणि मग सगळ्यांनी तेच पाळावं. संशोधक कामाला लागण्याआधी नेमकं हेच करतात. शिवाय काही दाण्यांना मोड येतच नाही, त्यांचीही नोंद हवी. मुलं असे दाणे गुपचूप फेकून देतात, कारण ते ‘चुकलेले’ वाटतात.

तुलनात्मक तपास दिसायला वर्णनाच्या शेजारचा वाटतो, पण माझ्या मते शिकवायला तो सगळ्यात अवघड आहे आणि पुढे आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा गाठ पडते ती याच्याशी. अमुक पावडर दुधातून घेणारी मुलं उंच असतात, ही जाहिरात म्हणजे तुलनाच. ती पावडर परवडणाऱ्या घरांत आणखी काय काय परवडतं, हे विचारायला सातवीतलं मूल शिकलं, तर तो तास सार्थकी लागला.

तुलनेत दोन किंवा अधिक गट असतात, पण त्यांच्यातला फरक आपण केलेला नसतो. तो आधीपासून असतो. मटकी आणि हरभरा यांपैकी कुणाला आधी मोड येतात, हा तुलनेचा प्रश्न. मटकीचा हरभरा आपल्याला करता येत नाही. आपल्या हातात इतकंच आहे की बाकीचं सारखं ठेवायचं: तेवढेच तास भिजवणं, तसंच फडकं, तीच जागा. एवढं करूनही हरभऱ्याचा दाणा मोठा आणि मटकीचा बारीक, हा फरक उरतोच. ‘हरभऱ्याला उशीर झाला’ असं म्हणता येईल. ‘दाणा मोठा म्हणून उशीर झाला’ असं म्हणायला हा पुरावा अपुरा आहे. या दोन वाक्यांमधलं अंतर मुलांना दाखवून द्यावं लागतं, ते आपोआप दिसत नाही.

तुलना किती कसून करता येते, याचं मोठं उदाहरण लंडनचं आहे. १८५४ साली तिथे कॉलऱ्याची साथ होती. रोग दूषित हवेतून पसरतो, असं बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरचा संशय पाण्यावर होता. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन खासगी कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून गेलेले होते. शेजारशेजारच्या दोन घरांत दोन वेगळ्या कंपन्यांचं पाणी. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये थेम्स नदीतली आपली पाणी उचलण्याची जागा शहराच्या वरच्या अंगाला, सांडपाणी मिसळण्याआधी, हलवली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलंच घाण पाणी उपसत राहिली. श्रीमंत-गरीब, म्हातारे-तरुण, सगळे दोन्हीकडे मिसळलेले. हवा तर एकच.

स्नो मृत्यू झालेल्या घरांची दारं ठोठावत फिरला. पाणी कुठल्या कंपनीचं हे कित्येकांना सांगता येत नसे, कारण पट्टी घरमालक भरायचा. यावरही त्याने उपाय काढला. समुद्राच्या भरतीमुळे शहरातल्या नदीच्या पाण्यात मीठ जास्त. साउथवर्कच्या पाण्यात ते लॅम्बेथच्या सुमारे चाळीस पट होतं. घरातलं थोडं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की दाट पांढरा साका पडतो की नाही, यावरून कंपनी ओळखता यायची. अखेर हिशेब असा लागला: साउथवर्कचं पाणी पिणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या घरांमागे ३७.

आठवीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की विचारावं: स्नोने अर्ध्या घरांना मुद्दाम घाण पाणी देऊन का नाही पाहिलं? मुलं हसतात, मग गप्प होतात. काही तपास तुलनेवरच थांबतात, कारण फरक मुद्दाम घडवून आणणं अमानुष ठरेल. काही थांबतात ते फरक घडवणंच आवाक्याबाहेर असतं म्हणून. ताऱ्यांच्या अभ्यासकाला तारा तापवून पाहता येत नाही.

जिथे फरक आपल्या हाताने करता येतो, तिथे प्रायोगिक तपास सुरू होतो. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होतं ते मोजायचं. व्याख्या मुलांना लगेच पाठ होते. तिच्यातलं ‘बाकीच्या तशाच’ हे किती कष्टाचं काम आहे, ते परळला पाहायला मिळतं.

मुंबईत प्लेग आला १८९६ साली. उंदीर आणि प्लेग यांचा संबंध दिसत होता, पण उंदरापासून रोग जातो कसा? श्वासातून, मलमूत्रातून, की अंगावरच्या पिसवांतून? १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या आवारात, यावर प्रयोग केले. त्यासाठी छोट्या कोठ्या बांधल्या आणि त्यांत गिनीपिग सोडले. पिसवा नसलेल्या कोठीत प्लेगचे आजारी गिनीपिग आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, एकाच भांड्यात खाऊ दिलं. निरोगी प्राण्यांत रोग पसरला नाही. पिसवा असलेल्या कोठीत तो पसरला. मग आणखी पुढे जाऊन पिंजऱ्यांच्या उंचीशी खेळ केला. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला लागण झाली, दोन फुटांवरच्या प्राण्याला नाही. हवा दोघांनाही तीच, पण पिसूची उडी दोन फुटांपर्यंत पोचत नाही. पिंजरा जमिनीवर ठेवून भोवती चिकट कागद अंथरला, तरी आतला प्राणी वाचला.

चिकट कागदाचा प्रयोग मला सगळ्यात देखणा वाटतो. दोन फुटांवर टांगलेला प्राणी वाचला, तेव्हा कुणी म्हणालं असतं की जमिनीलगतची हवाच वाईट. जमिनीवरचा पिंजरा आणि भोवती चिकट कागद, यात त्या शंकेलाही उत्तर मिळालं. प्राण्यांवरचे असे प्रयोग आज कडक नियमांखाली होतात आणि शाळेत तर मुळीच नाहीत, हेही याच तासाला सांगून टाकावं.

आता पुन्हा मटकी. कुणीतरी विचारतंच, थंडीत मोड उशिरा का येतात? मग वर्ग ठरवतो की एक वाटी फ्रिजमध्ये ठेवायची आणि एक ओट्यावर. इथे परिकल्पनेला जागा आहे: ‘तापमान कमी केलं तर मोड यायला जास्त वेळ लागेल.’ प्रयोग होतो, अंदाज खरा ठरतो, टाळ्या पडतात. बरेचसे पाठ इथेच संपतात. खरं तर शिकवण्याजोगं इथून पुढे आहे. फ्रिजमध्ये अंधार असतो, ओट्यावर उजेड. मग फरक थंडीने पडला की अंधाराने? ओट्यावरची वाटी झाकणाच्या डब्यात ठेवली तर? फ्रिजमधल्या कोरड्या हवेने फडकं वाळलं असेल तर? दोन्ही फडक्यांवर सारखं पाणी शिंपडलं का? की दोन्हींकडे झाकणाचे डबेच वापरावेत? प्रत्येक शंकेबरोबर प्रयोगाची रचना बदलते. पहिली रचना ढिली निघाली म्हणून कुणाचे गुण कापू नयेत. उलट, शंका काढणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहावं.

एका वर्गात हे सगळं एका तासात होत नाही, हे मान्य. साठ मुलांच्या वर्गात तर नाहीच. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ ग्रामीण शाळांत विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुलं चार-चारच्या टोळीत बसून स्वतः करून पाहायची आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहायची. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती. साहजिकच प्रश्न पाठांतराचे विचारताच येत नसत. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला, तोवर तो तीस वर्षं चालला होता. टोळी आणि उघडी वही, या दोन गोष्टी मात्र आपल्या वर्गात उचलायला कुणाचा आदेश लागत नाही.

घटक चाचणीतही एवढं करता येईल. प्रकारांच्या व्याख्या न विचारता प्रश्न द्यावेत आणि तपास ओळखायला सांगावा. गावच्या विहिरीची पाणीपातळी दिवाळीपासून होळीपर्यंत दर आठवड्याला किती उतरते? हमरस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या पानांवर बांधावरच्या कडुनिंबापेक्षा जास्त धूळ असते का? शेणखत घातलेल्या कुंडीतली मेथी लवकर वाढते का? पहिलं वर्णन, दुसरी तुलना, तिसरा प्रयोग. त्यानंतर एक घोळात टाकणारा प्रश्न द्यावा: शाळेच्या पत्र्याच्या वर्गात आणि कौलारू वर्गात दुपारी तापमान किती असतं? छप्परं आपण बदललेली नाहीत, म्हणून तुलना. पण पत्र्यावर गोणपाट भिजवून टाकलं आणि पुन्हा मोजलं तर? उत्तर काय आलं यापेक्षा मुलाने कारण काय दिलं, त्यावर गुण द्यावेत. ‘पाऊस का पडतो?’ असा प्रश्न आला तर तो कुठल्याच रकान्यात कोंबू नये. तो आधी वाचनाचा आहे. वाचून झाल्यावर त्यातून तपासण्याजोगे लहान प्रश्न निघतात.

या आठवड्यात वर्गात मटकी भिजवणार असाल तर प्रत्येक टोळीला किमान तीस दाणे मोजून द्या आणि मोड आलेले, न आलेले, कुजलेले असे तीन आकडे लिहायला सांगा. प्रत्येक टोळीचे आकडे वेगळे येतील. ते खोडून एकसारखे करू देऊ नका, कारण पुढच्या लेखांकात आपल्याला तेच लागणार आहेत: सारखं काम करूनही मोजमाप वेगळं का येतं, आणि सरासरी कधी काढायची.