हृदयातील भिंत

धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यात नळदुर्गचा किल्ला आहे. बोरी नदीला आडवा बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्या बांधावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु पावसाळा ओसरल्यावर एखाद्या सकाळी या नदीकाठी आपण निवांत बसलो, तर आणखीही काही पाहावयास मिळते. पाण्यात मासे सळसळत असतात. काठच्या ओल्या गवतातून बेडूक टुणकन उडी घेतो. उन्हाने तापलेल्या दगडावर सरडा अंग शेकत पडलेला असतो. तटाच्या खोबणीतून पारव्यांचा थवा फडफडत बाहेर पडतो. आणि समोरच्या माळावर काळ्याभोर शेळ्यांचा कळप चरत असतो. या शेळ्यांना उस्मानाबादी शेळ्या म्हणतात. जिल्ह्याचे नाव 2023 साली बदलून धाराशिव झाले, तरी शेळीच्या जातीचे नाव मात्र तेच राहिले आहे.

मासा, बेडूक, सरडा, पारवा, शेळी आणि त्यांच्याकडे पाहणारा मनुष्य! या सर्वांत साम्य ते काय? एक साम्य तुम्हांस ठाऊक आहेच. या सर्वांना पाठीचा कणा आहे. म्हणून त्यांना पृष्ठवंशीय प्राणी म्हणतात. दुसरे साम्य मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्या प्रत्येकाच्या शरीरात एक हृदय अहोरात्र धडधडत असते. परंतु ही सारी हृदये एकाच घडणीची नाहीत. कोणाच्या हृदयात दोन कप्पे असतात, कोणाच्या तीन, तर कोणाच्या चार. हा फरक कशासाठी, हे आता आपण पाहू.

प्रथम आपल्याच हृदयाचा विचार करू. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. नाडीचे ठोके हाताला लागतील. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटास सुमारे 72 वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याला ते साधारण 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. हा गुणाकार केला, तर मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त हृदयातून बाहेर पडते असे दिसून येईल. आता नवल असे की, प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्तच मुळी सुमारे 5 लिटर असते. मग दर मिनिटाला एवढे नवे रक्त येते कोठून?

हाच प्रश्न इंग्लंडमधील विल्यम हार्वे या वैद्याला पडला होता. त्याने असाच हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की, रक्त नव्याने येत नाही; तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असते. 1628 साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हृदयाचे कार्य नीट पाहता यावे म्हणून त्याने बेडूक, साप, मासे अशा प्राण्यांची हृदयेही तपासली होती. कारण त्यांची हृदये संथ चालतात आणि त्यांची हालचाल डोळ्यांना टिपता येते. तथापि, रोहिण्यांतून गेलेले रक्त नीलांत कसे शिरते, ते त्याला पाहता आले नाही. पुढे 1661 साली मार्सेल्लो माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुप्फुस पाहिले, तेव्हा त्याला केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या दिसल्या. मनुष्याच्या रुधिराभिसरणाचे कोडे अशा रीतीने बेडकाच्या साहाय्याने पुरते उलगडले.

रक्ताची मुख्य कामे दोन. श्वसनेंद्रियांतून प्राणवायू घेऊन तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवावयाचा, आणि तेथील कार्बन डायऑक्साइड परत आणावयाचा. पचलेले अन्नही तेच वाहून नेते. ज्या प्राण्याची हालचाल जितकी अधिक, त्याला प्राणवायूची गरजही तितकीच अधिक. हृदयांतील फरकाचे मूळ येथेच आहे.

माशाचे हृदय सर्वांत साधे. त्यात मुख्य कप्पे दोनच: रक्त गोळा करणारे एक अलिंद आणि ते ढकलणारे एक निलय. शरीरातून आलेले अशुद्ध रक्त हृदय कल्ल्यांकडे पाठवते. कल्ल्यांत ते पाण्यातील प्राणवायू घेते आणि हृदयाकडे न परतता तसेच पुढे सर्व शरीरात जाते. म्हणजे एका फेरीत रक्त हृदयातून एकदाच जाते. यात एक उणीव आहे. ठिबक सिंचन तुम्ही शेतात पाहिले असेल. विहिरीवरील पंप पाणी जोराने ढकलतो. पण गाळणीतून जाताना त्याचा जोर बराच कमी होतो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ते मंदपणे पोहोचते. माशाचेही तसेच आहे. कल्ल्यांतील बारीक केशवाहिन्यांतून जाताना रक्ताचा दाब कमी होतो आणि पुढे ते हळूहळू वाहते. तथापि माशाचे यात अडत नाही. त्याचे शरीर पाणी तोलून धरते, आणि शरीर सदैव उबदार ठेवण्याचा भारही बहुतेक माशांवर नसतो. त्याच्या जीवनक्रमाला हे हृदय पुरेसे आहे.

जमिनीवर राहू लागलेल्या प्राण्यांना फुप्फुसे लाभली, आणि रक्ताच्या मार्गात मोठा बदल झाला. फुप्फुसात शुद्ध झालेले रक्त आता प्रथम हृदयाकडे परत येऊ लागले. तेथून नवा जोर घेऊन ते शरीरात जाऊ लागले. गाळणीच्या पुढे दुसरा पंप बसवावा, तसा हा प्रकार झाला. यालाच दुहेरी अभिसरण म्हणतात.

बेडकाच्या हृदयात दोन अलिंदे असतात. परंतु निलय एकच. डाव्या अलिंदात फुप्फुसांतून शुद्ध रक्त येते आणि उजव्या अलिंदात शरीरातून अशुद्ध रक्त येते. दोन्ही एकाच निलयात उतरतात, तेव्हा ती काही प्रमाणात मिसळतात. हे वाचून तुम्हांस वाटेल की, बेडकाचे हृदय अपुरे राहिले. पण बेडूक केवळ फुप्फुसांनीच श्वसन करत नाही. त्याच्या ओलसर त्वचेतूनही प्राणवायू आत जातो. पाण्याखाली असताना फुप्फुसांचा उपयोग नसतो, तेव्हा त्वचाच त्याला तारते. अशा वेळी फुप्फुसांकडे जाणारे रक्त कमी करून ते इतरत्र वळवणे त्याला सोयीचे पडते. मधली भिंत नाही, म्हणूनच त्याला हे साधते.

सरड्याच्या निलयात ही भिंत उभी राहू लागलेली दिसते. पण ती अपुरी असते. साप आणि कासव यांच्या हृदयांतही भिंत अपुरीच असते. सरपटणाऱ्या प्राण्यांत मगरीच्या हृदयात मात्र ती पूर्ण झालेली आहे. सांगलीजवळ कृष्णा नदीत मगरी आढळतात. त्यांच्या हृदयाला चार कप्पे असतात. तरीही हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांमध्ये एक लहानसा जोडमार्ग असतो. पाण्यात बुडी मारून असताना फुप्फुसांकडे जाणारे काही रक्त टाळून शरीराकडे वळवणे त्यामुळे मगरीला शक्य होते.

आता पारव्याकडे आणि शेळीकडे पाहू. त्यांच्या हृदयात दोन अलिंदे व दोन निलये असे चार कप्पे असतात, आणि मधली भिंत पुरती बंद असते. उजव्या बाजूला केवळ अशुद्ध रक्त, डाव्या बाजूला केवळ शुद्ध रक्त. मनुष्याचे हृदयही याच घडणीचे आहे. या भिंतीमुळे दोन लाभ होतात. पहिला हा की, शरीराला मिसळलेले नव्हे, तर प्राणवायूने भरलेले रक्त मिळते. दुसरा लाभ चटकन ध्यानात येत नाही. फुप्फुसे फार नाजूक असतात. त्यांच्याकडे रक्त जोराने पाठवले, तर त्यातील द्रव पाझरून फुप्फुसांत साचू लागेल. शरीराकडे मात्र रक्त जोरानेच पाठवावे लागते. मधली भिंत असल्यामुळे उजवी बाजू हलक्या दाबाने आणि डावी बाजू मोठ्या दाबाने काम करू शकते. मनुष्याच्या डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीपेक्षा सुमारे तिप्पट जाड असते, ती याचकरिता.

गंमत अशी की, पक्ष्यांना आणि सस्तन प्राण्यांना हे चार कप्प्यांचे हृदय एकमेकांकडून मिळालेले नाही. सस्तन प्राण्यांत हृदयातून निघणारी महारोहिणी डावीकडे वळते. पक्ष्यांत ती उजवीकडे वळते. दोन वेगळ्या वाटांनी चालून दोन्ही वर्ग एकाच मुक्कामाला पोहोचले. दोघांची गरज एकच होती. दोघांनाही शरीर सदैव उबदार ठेवावयाचे असते. मनुष्याच्या शरीराचे तापमान सुमारे 37 अंश सेल्सिअस, शेळीचे सुमारे 39 अंश, तर पारव्याचे त्याहूनही अधिक असते. पौषातील पहाटेच्या थंडीत सरडा दगडाच्या फटीत गारठून पडतो; पण शेळी उठून चरू लागते आणि पारवा आकाशात झेप घेतो.

मात्र या उबेची किंमत द्यावी लागते. शरीरातील ही शेकोटी पेटती ठेवण्यासाठी इंधन सतत लागते. तितक्याच वजनाच्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या तुलनेत सस्तन प्राण्याला अनेक पट अन्न खावे लागते. धाराशिव जिल्हा अवर्षणाचा. येथील लोकांना दुष्काळ नवा नाही. उन्हाळ्यात ओढे-नाले आटतात, तेव्हा काही जातींचे बेडूक चिखलात खोलवर शिरून महिनोन्महिने निपचित पडून राहतात. पहिला पाऊस पडला, की ते वर येऊन डराव डराव करू लागतात. शेळी काटक खरी. बाभळीचा पाला आणि माळावरचे खुरटे गवत यांवर ती निभावून नेते. पण बेडकासारखे महिनोन्महिने उपाशी राहणे तिला जमणार नाही. तेव्हा कोणते हृदय श्रेष्ठ, हा प्रश्नच योग्य नव्हे. ज्याच्या त्याच्या जगण्याला साजेल असेच हृदय ज्याला त्याला मिळालेले आहे. दुष्काळात तग धरण्यास बेडकाचे हृदय बरे; पहाटे उठून दिवसभर काम करण्यास मनुष्याचे.

पण यातून दुसरी एक गोष्ट निघते. ज्या भिंतीवाचून बेडकाचे अडत नाही, तिच्यावाचून मनुष्याचे फार अडते. मनुष्याचे हृदयही आरंभी चार कप्प्यांचे नसते. आईच्या उदरात गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो, तेव्हा हृदय म्हणजे केवळ धडधडणारी एक नळी असते. पुढे ती वळते, तिचे कप्पे पडतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास निलयांतील भिंत पूर्ण होते. अलिंदांमधील भिंतीत मात्र जन्मापर्यंत एक झडपेसारखी वाट राहते. कारण उदरात असताना फुप्फुसे काम करत नाहीत आणि प्राणवायू आईकडून नाळेवाटे मिळतो. बाळ जन्मते, पहिला टाहो फोडते, फुप्फुसे फुलतात आणि ती वाट मिटते.

काही बाळांच्या बाबतीत मात्र ही भिंत अपुरी राहते. यालाच लोक ‘हृदयाला छिद्र असणे’ म्हणतात. हजारी आठ ते दहा बालके हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्माला येतात, आणि त्यांत निलयांमधील छिद्र अधिक प्रमाणात आढळते. डाव्या बाजूचा दाब मोठा असल्यामुळे शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तेथून पुन्हा फुप्फुसांकडे जाते. फुप्फुसांवर भार पडतो. मग बाळाला दूध पिताना घाम सुटतो, धाप लागते आणि त्याचे वजन वाढत नाही. दुसऱ्या काही दोषांत अशुद्ध रक्तच शरीरात जाते आणि बाळाचे ओठ व नखे निळसर दिसतात. असे मूल पाहून ‘दृष्ट लागली’ म्हणून अंगारे-धुपारे करत बसणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात; मोठी छिद्रे शस्त्रक्रियेने बंद करता येतात. 1953 साली अमेरिकेत जॉन गिबन या शल्यविशारदाने, रोग्याच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम तेवढ्यापुरते यंत्रावर सोपवून, अलिंदांमधील छिद्र प्रथमच यशस्वीपणे बुजवले. आज ही शस्त्रक्रिया आपल्या देशातही होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्या कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलांना तपासणारी वैद्यकीय पथके हृदयाचे दोषही पाहतात.

म्हणून तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे मूल थोड्याशा खेळाने धापा टाकत असेल, किंवा त्याचे ओठ निळसर दिसत असतील, तर ते मोठ्यांच्या निदर्शनास आणा आणि डॉक्टरांकडे नेण्यास सांगा. आणि पुन्हा कधी नदीकाठी गेलात, तर मासा, बेडूक, सरडा, पारवा आणि शेळी यांच्याकडे नीट पाहा. मग आपल्या मनगटावर बोटे ठेवा. बोटांना लागणारा प्रत्येक ठोका त्या लहानशा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पडत असतो.