शहाण्णव रुपये कमी

पासबुक छापायच्या मशीनला घाई नसते. लातूरला गंजगोलाईजवळच्या एका शाखेत मामांनी पासबुक आत सारलं. मशीन घरघरलं, मधेच थांबलं, पान उलटा म्हणालं. मागे सहा-सात जणांची रांग. मामा औशाकडचे, साडेतीन एकरवाले. मोटारसायकलचा हप्ता बाउन्स का झाला ते बघायला मी नांदेडहून आलो होतो. "पैसे होते रे खात्यात. साडेतीन हजार मोजून ठेवले होते," हे त्यांनी बसस्टँडपासून चौथ्यांदा सांगितलं.

होतेच की. हप्ता 3,140 चा, जायचा 5 जूनला. पण पुसट शाईत 28 मेच्या दोन नोंदी निघाल्या, एक 436 ची आणि तिच्याखाली 20 ची. पहिली जीवनज्योती विम्याची, दुसरी सुरक्षा विम्याची. दोन्ही फॉर्मवर सह्या मामांच्याच, 2015 साली गावात कॅम्प लागला होता तेव्हाच्या. त्या वेळी आकडे 330 आणि 12 होते. 1 जून 2022 पासून 436 आणि 20 झाले. विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणून पैसे मेच्या शेवटच्या आठवड्यात वळते होतात. आणि मेअखेर म्हणजे आमच्याकडे खात्याचा तळ. सोयाबीन कधीच विकून झालेलं, बियाण्या-खताला रोकड काढून ठेवलेली, पीककर्जाचा पत्ता नाही. 456 गेले, उरले 3,044. शहाण्णव रुपये कमी पडले.

पाच तारखेला हप्ता परत गेला. बँकेचा दंड 250, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 295. फायनान्सवाल्यांनी 12 तारखेला हप्ता पुन्हा लावला. आता खात्यात 2,749 च, तेव्हा तो पुन्हा परत आणि पुन्हा 295. फायनान्सचा बाउन्स चार्ज वेगळा, दर खेपेला 590. मेसेज आले असतील, पण खात्याला जोडलेला नंबर पोराचा, आणि पोरगा पुण्यात. त्याचं ते सिम केव्हाच बंद पडलेलं. मामांनी बोटाच्या पेरांवर हिशेब केला: सतराशे सत्तर. मग म्हणाले, "पिग्मीवाला दारात यायचा, त्याला उद्या ये म्हणता यायचं. ह्याला कुणी काय म्हणावं?"

खात्यातून हप्ता असा आपोआप ओढणाऱ्या व्यवस्थेला म्हणतात नॅच. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ती चालवते. शोरूममध्ये सह्यांचा गठ्ठा पुढे येतो, त्यात मॅन्डेटचा एक कागद असतो. हल्ली आधार किंवा डेबिट कार्डावरही काम होतं. त्या कागदावर जास्तीत जास्त किती रक्कम ओढता येईल तो आकडा असतो आणि तो बहुतेकदा हप्त्यापेक्षा मोठा असतो. कुणी वाचत नाही. मीही कधी वाचला नव्हता. पूर्वी पाच तारीख रविवारी आली की एका दिवसाची उसंत मिळायची. 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं, तेव्हा तीही गेली. कार्डावरच्या आणि यूपीआयच्या ऑटोपेला निदान 24 तास आधी कळवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्थात कळवलेलं कळायला मोबाइल हातात आणि नंबर चालू हवा.

मामांना शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. नांदेडला मी तरोड्याचं भाड्याचं घर सोडलं, सामान हलवलं, गॅसचा पत्ता बदलला आणि वीजबिलाचं ऑटोपे तसंच चालू राहिलं. फेब्रुवारी ते जून पाच महिने माझ्या खात्यातून कुणाचा तरी कूलर चालला. मे महिन्यात आकडा जवळपास दुप्पट झाला, तेव्हाही मी नांदेडच्या उन्हालाच दोष दिला. रांगेत उभं राहून बिल भरायचो तेव्हा निदान नाव आणि ग्राहक क्रमांक वाचायचो, कारण रांगेत दुसरं करायला काही नसायचं.

पैसा कुठून आला, कशासाठी आला, हे खातं विचारत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणींचे पहिले 3,000 जमा झाले, तेव्हा काही ठिकाणी ते जुन्या थकबाकीत आणि दंडात वळते झाले. शेवटी असं करू नका म्हणून सरकारला बँकांना सांगावं लागलं.

मशीनपाशी अजून एक गोष्ट निघाली. मामांचं दुसरं एक खातं आहे, दुसऱ्या बँकेत. कॅम्प तिकडचाही लागला होता, त्यामुळे तिथूनही दरवर्षी 436 जातात. माणूस गेला तर मिळतात दोनच लाख, एकाच पॉलिसीचे. दुसरीकडचे हप्ते पाण्यात. पण घाईघाईत भलतीकडचं बंद पडलं आणि नव्याने फॉर्म भरावा लागला, तर पहिले 30 दिवस अपघाताखेरीज मृत्यू झाल्यास भरपाई नाही. म्हणून आधी पहिल्या खात्यातली नोंद पक्की तपासली आणि मगच दुसऱ्या बँकेत अर्ज द्यायला गेलो. टेबलावरच्या ताईंनी अर्ज उलटसुलट पाहिला, आधारची झेरॉक्स मागितली, जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणाल्या. नऊ वर्षांपूर्वी चालू करायला किती वेळ लागला होता, असं मी मामांना विचारलं.

"अंगठा दाखव म्हणाले, सही कर म्हणाले. चहा पण पाजला होता."

आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. आता दर महिन्याच्या चार तारखेला संध्याकाळी मामांचा फोन येतो, "बघ रे, पुरतंय का?" पोराच्या सिमऐवजी माझा नंबर लावलाय. या वेळचे चहाचे पैसे मामांनीच दिले, रोख.