बार्नर्डची खुजी दीर्घिका

यात्रेच्या गावाकडे रात्री दूरच्या टेकडीवरून पाहिले, तर प्रथम नजरेत भरतात ते गॅसबत्त्यांचे पुंजके. ते कोठे दाट, कोठे विरळ, असे कसेही विखुरलेले असतात. तेवढ्यावरून, या गावाला ना रचना ना इतिहास, असे कोणी म्हटले तर ती मोठीच चूक ठरेल. कारण अंधारात बुडालेली जुनी घरे त्या टेकडीवरून दिसतच नाहीत. आकाशातील काही लहान दीर्घिकांविषयीही असाच गैरसमज होण्याचा संभव असतो.

असंख्य तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला प्रचंड समूह म्हणजे दीर्घिका होय. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे, ती आकाशगंगा. आकाशगंगेला चक्राकार भुजा आहेत व मध्यभागी ताऱ्यांचा दाट फुगवटा आहे. परंतु ज्यांना भुजा नाहीत, फुगवटा नाही आणि ठराविक आकारही नाही, अशा लहान दीर्घिकाही पुष्कळ आहेत. त्यांना खुज्या अनियमित दीर्घिका असे म्हणतात.

अशीच एक दीर्घिका १८८४ साली एडवर्ड बार्नर्ड या अमेरिकन निरीक्षकाला धनुराशीत आढळली. बार्नर्डचे बालपण अत्यंत गरिबीत गेले होते. वयाच्या नवव्या वर्षीच त्याला छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला जावे लागले. पण आकाशाची ओढ त्याने सोडली नाही. आपल्या लहानशा दुर्बिणीतून त्याला एक अंधूक, धुरकट डाग दिसला. तो डाग म्हणजे स्वतंत्र तारकाविश्व आहे, हे मात्र त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढे एडविन हबल याने माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीतून या डागाची छायाचित्रे घेतली. त्यांत त्याला सेफीड जातीचे ११ तारे सापडले. या ताऱ्यांचे तेज ठराविक काळाने कमीअधिक होते आणि त्या काळावरून त्यांचे अंतर काढता येते. १९२५ साली हबलने ते अंतर सुमारे ७ लक्ष प्रकाशवर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. आज अधिक अचूक मोजमापांनी ते सुमारे १६ लक्ष प्रकाशवर्षे ठरले आहे. हबलचा आकडा कमी होता, तरी हा डाग आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर आहे, हा त्याचा निष्कर्ष खरा ठरला.

या दीर्घिकेकडे पाहताच डोळ्यांत भरतात ते निळसर, तेजस्वी ताऱ्यांचे पुंजके आणि त्यांच्या प्रकाशाने उजळलेले वायूचे मेघ. हे तारे तरुण आहेत. ते आपले इंधन इतक्या झपाट्याने जाळतात, की काही कोटी वर्षांच्या आतच त्यांचे आयुष्य संपते. तेव्हा ही सारी दीर्घिकाच अलीकडे जन्मली असावी, असे कोणालाही वाटेल.

ताऱ्यांच्या वयाकडे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय वॉल्टर बाडे याला आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहराचे दिवे मंद केले गेले. त्या काळोखाचा लाभ घेऊन त्याने देवयानी दीर्घिकेच्या अंतर्भागातील फिकट तारे वेगळे करून दाखविले आणि १९४४ साली ताऱ्यांचे दोन समुदाय असल्याचे मांडले: एक निळसर तरुणांचा व दुसरा तांबूस वृद्धांचा.

हीच दृष्टी बार्नर्डच्या दीर्घिकेला लावली असता निराळेच चित्र उभे राहते. निळ्या पुंजक्यांच्या मागे फिकट तांबड्या ताऱ्यांचा एक सलग थर आहे. तो विसकटलेला नाही. मध्याकडून कडांकडे तो हळूहळू विरळ होत जातो. त्यात एक हजार कोटी वर्षांहूनही जुने तारे आहेत, म्हणजे आपल्या सूर्याच्या दुपटीहून अधिक वयाचे. मधल्या वयाचे तारेही तेथे पुष्कळ आहेत. या साऱ्यांभोवती हायड्रोजन वायूचे विस्तीर्ण आवरण असून, ते दीर्घिकेच्या तेजस्वी भागाच्या कितीतरी पलीकडे पसरले आहे. रेडिओ दुर्बिणींनीच त्याचा शोध लागला.

इतक्या जुन्या दीर्घिकेत अजूनही तारे कसे जन्मतात? याचे कारण तिच्या लहानपणात आहे. तिचे गुरुत्वाकर्षण दुबळे असल्यामुळे वायू विरळ राहतो आणि त्याचे तारे सावकाश बनतात. मोठे तारे स्फोट पावले, की आसपासचा वायू दूर ढकलला जातो आणि तेथील तारकानिर्मिती काही काळ थांबते. त्यामुळे मूळची शिदोरी अजून संपलेली नाही. ताऱ्यांच्या पोटात तयार होणारी ऑक्सिजन, लोह यांसारखी जड मूलद्रव्येही तेथे सूर्याच्या मानाने बरीच कमी आहेत. विश्वाच्या बाल्यकाळी जवळजवळ निर्भेळ वायूपासून तारे कसे घडले असतील, याचा काही अंदाज त्यामुळे येथे घेता येतो. याच हेतूने जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीने या दीर्घिकेचे वेध घेतले असून, तिची छायाचित्रे २०२३ साली प्रसिद्ध झाली.

ज्या दीर्घिकेला माणसाने अनियमित म्हटले, तिच्यातही अशी शांत व पुरातन व्यवस्था नांदत आहे. तिचे तेज तरुण ताऱ्यांचे आहे. पण तिचा इतिहास मात्र त्या तेजामागे मंदपणे प्रकाशणाऱ्या वृद्ध ताऱ्यांनी जपून ठेवला आहे.