मेपलची गिटार खरंच ‘ब्राइट’ वाजते का?

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे होतोय. आपल्या एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, पहिली चांगली अकूस्टिक घेतोय. मेपलची गिटार रोझवुडपेक्षा बारा हजारांनी महाग आहे. दुकानदार म्हणतो, मेपल म्हणजे एकदम क्लिअर, ब्राइट साउंड. घेऊ का? ट्यूशन घेऊन जमवलेले पैसे आहेत."

थांब मित्रा. हाच घोळ मी तीन वर्षांपूर्वी घातलाय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ‘मेपलची गिटार’ म्हणतो तेव्हा मेपल असतं मागे आणि बाजूला. वरची फळी, म्हणजे टॉप, बहुतेक वेळा स्प्रूसचीच असते. तार छेडली की ब्रिजमधून ती थरथर टॉपला जाते आणि मुख्य आवाज टॉपच काढतो. व्हायोलिनमध्येही हीच जोडी, वर स्प्रूस, मागे मेपल. क्रेमोनाचा स्ट्राडिव्हारी तीनशे वर्षांपूर्वी हेच वापरत होता.

मग मागचं लाकूड करतं काय? रोझवुड म्हणजे आपलं शिसव. ते सह्याद्रीतही होतं. आजीचं ते हलता हलत नाही असं कपाट आठवा. शिसवीची नुसती फळी हातात धरून टकटक केली की ‘टण्ण’ असं घुमत राहतं. मेपलची फळी ‘ठक’ म्हणून गप्प होते. याला डॅम्पिंग म्हणतात, लाकूड स्वतःच थरथर किती लवकर गिळतं ते. मेपल लवकर गिळतं. म्हणून मागे गुंजन कमी उरतं, सूर सुटे सुटे ऐकू येतात. मला विचाराल तर याला ब्राइट नाही, ‘कोरडा’ म्हणायला हवं. बँडमध्ये बेस आणि ड्रम्स असताना जोरात स्ट्रमिंग करायचं असेल, तर हा कोरडेपणा कामाचा.

इथपर्यंत थिअरी झकास. आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतो.

मेपलचं नाव काढलं की सगळे गिब्सनच्या जे-२०० चं उदाहरण देतात. एल्व्हिस प्रेस्लीच्या हातातली ती भलीमोठी गिटार. १९३० च्या दशकाच्या शेवटी ती आली तेव्हा मागे रोझवुड होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर मेपल आलं. पण तिची बॉडीच केवढी! आवाज लाकडाचा की आकाराचा? दोन व्हेरिएबल एकदम बदलले की बग कशात आहे ते कळत नाही. उलटं उदाहरण टेलरचं. २०१५ मध्ये त्यांनी आपली मेपलची ६०० सिरीज नव्याने डिझाइन केली. लाकूड मेपलच ठेवलं, पण आतल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग वगैरे बदललं, आणि मेपलमधून उबदार आवाज काढला.

मग कोणी नीट टेस्ट केली की नाही? केली. इंग्लंडमधल्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या टीमने सहा गिटारी बनवून घेतल्या. डिझाइन एक, टॉप सगळ्यांचा सिट्का स्प्रूस, फरक फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडात. त्यात मेपल होतं, भारतीय रोझवुड होतं आणि अतिशय महाग ब्राझिलियन रोझवुडही. ५२ गिटारवादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निकाल छापून आला. आवाजाला मिळालेले मार्क सहाही गिटारींना जवळपास सारखे!

गंमत म्हणजे स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्येच मागची आणि बाजूची बॉडी चक्क पुठ्ठ्याची केली होती. टॉपच महत्त्वाचा, हे त्याला दाखवायचं होतं.

मग ते बारा हजार कसले? बरेचदा दिसण्याचे. काही मेपलमध्ये तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वाढतात. पॉलिश केल्यावर त्यावर वाघासारखे पट्टे दिसतात आणि गिटार हलवली की तेही हलतात. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू! पण या नक्षीपायी झाडं चोरीला जातात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल फॉरेस्टमधून बिगलीफ मेपल तोडून गिरणीला विकलं गेलं. २०२१ च्या खटल्यात विकलेल्या लाकडाचा डीएनए जंगलात उरलेल्या बुंध्यांशी जुळला आणि आरोपी दोषी ठरला. तिथल्या फेडरल फौजदारी खटल्यात झाडाचा डीएनए पुरावा म्हणून पहिल्यांदाच वापरला गेला.

आता माझा घोळ. दुकानात मला मेपल खणखणीत वाटली, रोझवुड दबलेली. पैसे मोजून मेपल घरी आणली. दोन महिन्यांत तो खणखणाट गेला. नव्या तारा चढवल्या, परत आला. मग डोक्यात प्रकाश पडला की दुकानातल्या त्या रोझवुडच्या तारा जुनाट, काळ्या पडलेल्या होत्या. मी लाकडाची नाही, तारांची तुलना करत होतो. वर माझं मेपल लॅमिनेट निघालं, नुसता पातळ थर!

तर मित्रा, दुकानदाराला दोन्हींवर एकाच कंपनीच्या नव्या तारा लावायला सांग. तारांचे पैसे तू दे, हरकत नाही. साउंडहोलच्या कडेला बघ. वरच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरल्या तर टॉप सॉलिड, कडेला थर दिसले तर लॅमिनेट. मग मित्राला वाजवायला बसव आणि पाठ करून उभा राहा. दहा वेळा ओळखून दाखव, मेपल कोणती. नाही जमलं तर स्वस्तातली घे आणि उरलेल्या पैशांत एक चांगली केस घे. आणि ते वाघाचे पट्टे बघून राहवलंच नाही, तर मेपल घे की. मीही माझी विकलेली नाही.

टेस्टचा स्कोअर मात्र मेसेज कर, पुढच्या एपिसोडमध्ये वाचतो.