पाने गळाली, तरी आमरी जिवंत असते

कोल्हापूर - हिवाळ्यात पाने गळून सुरकुतलेली खोडे उरली, की आमरी म्हणजेच ऑर्किड मेले असे समजून अनेक जण ते फेकून देतात. काही जण ते जगविण्यासाठी भरपूर पाणी घालतात. हा उपायही तितकाच घातक ठरतो.

सह्याद्रीतील 'डेंड्रोबियम बार्बाट्युलम' ही आमरी पावसाळ्यात वाढते, हिवाळ्यात पाने गाळते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निष्पर्ण खोडांवरच पांढरी फुले धारण करते. पानगळीनंतर अधूनमधून केवळ हलका फवारा द्यावा. कोरडी विश्रांती न मिळाल्यास मुळे कुजतात आणि फुलोरा हुकतो. 'सीतेची वेणी' मात्र सदाहरित असल्याने तिचे पाणी कमी करावे, पूर्ण तोडू नये.

झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या या आमरींना माती चालत नाही. त्या लाकडाच्या ओंडक्यावर बांधाव्यात किंवा कोळसा व विटांचे तुकडे भरलेल्या, भोके असलेल्या कुंडीत लावाव्यात. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली हवी. गगनबावड्याचे धुके कोल्हापूर शहरात नसते. त्यामुळे येथे उन्हाळ्यात वाढत्या रोपांवर सकाळी फवारणी करावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पाण्यापेक्षा खेळता वारा महत्त्वाचा.

रोप जंगलातून मात्र आणू नये. आमरीच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. म्हणूनच फांदीवरून ओरबाडलेल्या रोपाची जागा सहजासहजी भरून निघत नाही. राधानगरी अभयारण्यात तर असे करणे गुन्हाच आहे. रोपवाटिकेत तयार केलेलेच रोप मागून घ्यावे.